काळ्या पडद्यावरील रंगीत अक्षरें

जुन्या पोथ्या ज्यांच्या घरीं अद्याप फडक्यांत बांधून ठेवलेल्या आहेत, त्यांनीं एखादी सोडून पाहावी. काळ्या शाईनें पान भरलेलें असतें. परंतु आरंभींचें ‘श्रीगणेशाय नमः’, मधून मधून येणारें ‘उवाच’, श्लोकांचे अंक आणि अध्यायाच्या शेवटचें ‘इति’ हीं बहुधा हिंगुळाच्या तांबड्या रंगांत लिहिलेलीं असतात, किंवा त्यांवरून गेरूचा हात तरी फिरविलेला असतो. लेखकास चूक आढळली तर तो तिच्यावर हरताळाचा पिवळा लेप देई व वाळल्यावर त्यावर पुन्हां लिही. एखाद्या गोष्टीस हरताळ फांसण्याचा आपला वाक्प्रचार ह्या लेपांतलाच. पोथी सांगणाऱ्या शास्त्रीबोवांस त्या तांबड्या खुणा शोभेसाठीं नको होत्या. समईच्या उजेडांत पानें उलटतां उलटतां अध्याय कोठें संपला हें नजरेस चटकन् सांपडावें, एवढाच त्यांचा हेतु. पुढें छापखाने आले तरी ही संवय सुटली नाहीं. ‘कालनिर्णय’ १९७३ सालापासून घरोघर भिंतीवर लटकत आहे. त्यांतील तांबडी तारीख पाहिली कीं शाळेत जाणाऱ्या मुलास अक्षरओळख नसली तरी सुटी कळते.

एका वाचक भगिनीनें विचारलें आहे कीं, त्यांचे धाकटे दीर घरीं बसून संगणकाचें काम करतात, त्यांच्या पडद्यावर चित्रें नाहींत कीं बटणें नाहींत, नुसतीं काळ्यावर अक्षरें धांवत असतात आणि त्यांतलीं कांहीं लाल, कांहीं हिरवीं, कांहीं पिवळीं असतात. हा काय प्रकार आहे, आणि रंग कोण ठरवितो? प्रश्न साधा दिसतो, पण चांगला आहे. उत्तर पोथीच्या हिंगुळापासूनच सुरू करावें लागतें, म्हणून वरील प्रस्तावना.

त्या काळ्या पडद्यास ‘टर्मिनल’ म्हणतात. पूर्वीं संगणक एका मोठ्या खोलींत असे आणि त्याचीं टोकें निरनिराळ्या टेबलांवर असत. त्या टोकाचें हें नांव. अगदीं आरंभीं ह्या टोकास पडदाहि नव्हता. तारयंत्रासारखें एक टंकयंत्र असे व तें कागदावर छापी. ज्यांच्या घरीं किंवा कचेरींत गोदरेजचें टंकयंत्र होतें त्यांस त्याची दुरंगी फीत आठवत असेल: वरची अर्धी काळी, खालची अर्धी तांबडी. संगणकाच्या अक्षरसंकेतांत १४ व १५ ह्या अंकांच्या दोन अदृश्य खुणा आहेत, त्यांचें मूळ काम हेंच होतें. एकीनें फीत सरकवून तांबडी बाजू पुढें आणावयाची, दुसरीनें परत काळी. म्हणजे अक्षरांच्या ओळींतच, न छापली जाणारी एक आज्ञा घालून रंग बदलण्याची युक्ति पडद्याच्या आधींची आहे.

पडदे आले तेव्हां मात्र रंग गेला. बहुधा हिरवीं अक्षरें, नाहींतर नारिंगी. डिजिटल कंपनीचें व्हीटी-१०० हें १९७८ सालीं निघालेलें टर्मिनल पुढील सर्वांचा आदर्श ठरलें, पण त्यांतहि रंग नव्हता. अक्षर ठळक करणें, अधोरेखित करणें, लुकलुकविणें आणि काळ्याचें पांढरें करणें, इतकेंच त्यास साधे. तरी त्यानें जी भाषा उचलली तीच आजवर चालली आहे. युरोपांतील एक्मा संस्थेनें १९७६ सालीं व अमेरिकेच्या अन्सी संस्थेनें १९७९ सालीं तिचीं प्रमाणें बांधून दिलीं. ती भाषा अशी: प्रथम २७ अंकाची अदृश्य खूण, जिला ‘एस्केप’ म्हणतात; मग उघडा चौकोनी कंस; मग एखादा अंक; आणि शेवटीं रोमन ‘एम्’ हें अक्षर. अंक ३१ असेल तर पुढचीं अक्षरें तांबडीं, ३२ असेल तर हिरवीं, ० असेल तर सर्व पूर्ववत्. हें ‘पूर्ववत्’ प्रोग्रॅम लिहिणारे विसरतात आणि मग पडद्यावरील पुढचें सारें लिखाण तांबडेंच राहतें. हिंगुळाचा बोरू न पुसतां काळ्या दौतींत बुडविल्याचा हा परिणाम.

रंगांचा अनुक्रम मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. मूळ रंग तीन: तांबडा, हिरवा, निळा. तांबड्याची किंमत १, हिरव्याची २, निळ्याची ४. आतां बेरीज करा. कांहींच नाहीं तर ०, तो काळा. तांबडा आणि हिरवा मिळून ३, तो पिवळा. तांबडा आणि निळा मिळून ५, तो किरमिजी. हिरवा आणि निळा मिळून ६, तो आकाशी. तिन्ही मिळून ७, तो पांढरा. ह्या अंकांत ३० मिळविले कीं अक्षराचा रंग, ४० मिळविले कीं त्यामागच्या पट्टीचा. रंगपेटींत तांबडा व हिरवा कालवला तर चिखल होतो हें खरें. पण तेथें रंग उजेड खातात, येथें उजेडांत उजेड मिसळतो, म्हणून हिशेब निराळा. आठांवर पुढें आठ उजळ छटा आल्या. मग २५६ रंग आले, त्यांत ते सोळा, शिवाय सहा गुणिले सहा गुणिले सहा असे २१६ आणि करड्याच्या २४ पायऱ्या. आतां एक कोटी सदुसष्ट लाखांवर छटा मागतां येतात. मागतां येतात म्हणून मागाव्या असें नव्हे. आठांतच ज्याला आपलें म्हणणें मांडतां येत नाहीं त्याला कोटींतहि येणार नाहीं, असें आमचें मत आहे.

दीर रंग ठरवितात कीं प्रोग्रॅम ठरवितो, ह्या प्रश्नाचें खरें उत्तर मात्र थोडें चमत्कारिक आहे. प्रोग्रॅम केवळ ‘चौथा रंग’ असें म्हणतो. चौथा म्हणजे नक्की कोणता निळा, हें टर्मिनल ठरवितें. आणि टर्मिनलाची रंगपेटी त्याच्या मालकास बदलतां येते. १९८१ सालीं आयबीएमनें आपल्या घरगुती संगणकास रंग दिले तेव्हां गडद पिवळा डोळ्यांस बरा दिसेना, म्हणून त्या एकाच रंगांतील हिरव्याचें प्रमाण मुद्दाम निम्में केलें आणि त्याचा तपकिरी झाला. अंक तोच, रंग दुसरा. त्यामुळें एकाच्या पडद्यावर सुबक दिसणारें लिखाण दुसऱ्याच्या पडद्यावर वाचतां येत नाहीं. काळ्यावर गडद निळें आणि पांढऱ्यावर पिवळें, हीं दोन दुखणीं तर जुनींच आहेत. ज्या प्रोग्रॅमचे लेखक शहाणे असतात ते अक्षराचा रंग बदलतांना मागच्या पट्टीचाहि विचार करतात, किंवा मजकुराचा मुख्य भाग अजिबात रंगवीतच नाहींत.

येथवर सर्व सोयीच्या व गैरसोयीच्या गोष्टी झाल्या. आतां जी सांगावयाची आहे ती केवळ गैरसोयीची नाहीं.

कार्ल्यास आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. घर जुनें, मोठें. मागील बाजूच्या पांच खोल्या एकवीरेस व लेण्यांस येणाऱ्या मंडळींस उतरावयास देतात; जेवणाची सोय घरींच. मधल्या भावाचा मुलगा संगणकाचें काम करणारा. त्यानें खोल्यांच्या नोंदीसाठीं एका जुन्या लॅपटॉपवर छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. चित्रें, खिडक्या कांहीं नाहींत. काळा पडदा, पांच खोल्यांच्या पांच ओळी, पुढें महिन्याच्या तारखा. खोली घेतलेली असेल तर तारीख तांबडी, मोकळी असेल तर हिरवी. यंत्र जुनें असल्यामुळें हेंच बरें चालतें, आणि थोरल्या बंधूंस, घरांत सर्व त्यांस आप्पा म्हणतात, उंदीर धरून नेम साधण्यापेक्षां दोन कळा दाबणें सोपें जातें. टेलिफोन आप्पा घेत, तारीख पाहत आणि होय-नाहीं सांगत.

चैत्री यात्रेच्या आदल्या दिवशीं एकाच खोलीसाठीं दोन कुटुंबें दारांत उभीं राहिलीं, एक ठाण्याचें आणि एक नाशिकचें. दोघांनाहि आप्पांनींच शब्द दिलेला. यात्रेच्या दिवसांत कार्ल्यांत दुसरी जागा मिळणें शक्यच नव्हतें. नाशिककरांस माजघरांत झोपविलें, त्यांचे पैसे घेतले नाहींत, आणि घरांतल्या बायकांनीं ती रात्र स्वयंपाकघरांत काढली. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें प्रोग्रॅम उघडला. नोंद बरोबर होती. तारीख तांबडीच होती. धाकट्या बंधूंनीं थोडें टाकून बोलण्यास आरंभ केला कीं आतां आप्पांनीं हें काम सोडावें, वय झालें. आप्पा कांहीं बोलले नाहींत. तेव्हां थोरल्या वहिनी पोळ्या लाटतां लाटतां म्हणाल्या, “ह्यांना पिकलेला आंबा रंगावरून कधीं कळला आहे का? लग्न झाल्यापासून मी पाहते आहे, हे वासावरून निवडतात. झाडावरची लाल मिरची ह्यांना दाखवावी लागते.”

चाळीस वर्षें ही गोष्ट त्या घरांत एक गमतीची खोड म्हणून वावरत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पंधरा मिनिटांत उलगडा झाला. ठिपक्यांच्या वर्तुळांत अंक लपविलेल्या त्या चित्रांची परीक्षा जपानांतील इशिहारा ह्यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केली; आप्पांस त्यांतील बहुतेक अंक दिसेनात. त्यांस तांबडा आणि हिरवा हे भेद जन्मापासून नीट कळत नव्हते. शिवाय ह्या वैगुण्याच्या एका प्रकारांत तांबडा रंग नुसता ओळखूं येत नाहीं असें नाहीं, तर तो मंद, काळपट दिसतो. म्हणजे काळ्या पडद्यावरील धोक्याची तांबडी सूचना, जी इतरांच्या डोळ्यांत प्रथम भरावी, ती त्यांच्या डोळ्यांस सर्वांत मागें पडलेली.

हें दुर्मिळ नाहीं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारें आठ जणांस तें असतें, स्त्रियांत दोनशांत एखादीस. आपल्याकडील पुरुषांत प्रमाण त्याहून कमी आढळतें, तरी भरल्या पंक्तींत एखादा पुरुष निघावा इतकें आहेच. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन ह्यास तें होतें. त्यानें १७९४ सालीं त्यावर निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असावा असा तर्क केला. मरणोत्तर डोळे तपासले तेव्हां द्रव स्वच्छ निघाला. त्याच्या जतन केलेल्या डोळ्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासून खरें कारण १९९५ सालीं सांपडलें.

वाचक मंडळींनीं घरच्या दृष्टीनें लक्षांत घ्यावयाचें तें त्याच्या वारशाचें गणित. बापाकडून तें मुलाकडे जात नाहीं. मुलींकडे जातें, पण मुलींच्या दृष्टींत सहसा दोष दिसत नाहीं. त्या फक्त तें पुढें नेतात, आणि अशा मुलीच्या प्रत्येक मुलग्यास तें असण्याचा संभव निम्मा असतो. डॉक्टरांनीं हें सांगितलें आणि घरांतलीं सारीं माणसें एकदम गप्प झालीं. आप्पांना एक मुलगी, तिला दहा वर्षांचा मुलगा. तो सुटींत आजोळीं आला कीं रोज मळवली स्टेशनावर जाण्याचा हट्ट धरी; गाड्यांचीं नांवें, इंजिनांचे अंक त्यास पाठ, आणि मोठेपणीं इंजिन चालवावयाचें हें त्याचें ठरलेलें. इंजिनचालकाच्या नेमणुकीस रंगदृष्टि निर्दोष लागते. हा जुलूम नव्हे. १८७५ सालीं स्वीडनमध्यें लागरलुंडा येथें दोन गाड्यांची टक्कर होऊन माणसें दगावलीं, तेव्हां होल्मग्रेन नांवाच्या शास्त्रज्ञानें लोकरीच्या रंगीत लडी निवडावयास लावून रेल्वेच्या नोकरांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. तेव्हांपासून देशोदेशीं रेल्वेच्या नोकरांची रंगदृष्टि तपासली जाते.

नातवाचीहि परीक्षा करविली. तोहि आजोबांच्याच वळणावर गेला होता.

आईचें म्हणणें पडलें कीं इतक्यांत त्याला सांगूं नये. मधल्या काकांचें म्हणणें, मोठेपणीं सरकारी डॉक्टर सांगेल तेव्हां अधिक लागेल. आमचें मत काकांच्या बाजूचें आहे, आणि अशा घरांतील मुलांची परीक्षा शाळेच्या पहिल्या वर्षांतच करून घ्यावी असेंहि आहे. कारण तोंवर रंगीत खडू चुकीचे उचलल्याबद्दल मूल बोलणीं खात असतें. सांगितलें अखेर आप्पांनींच. स्टेशनावर नव्हे, घरींच, आंब्याच्या अढींत बसून. दोघांनीं मिळून वासावरून आंबे निवडले. मुलगा दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें कीं गाड्यांचें वेळापत्रक जे आंखतात त्यांनाहि रंग ओळखावे लागतात का.

पुतण्यानें मग प्रोग्रॅम बदलावयास घेतला, आणि आजोबा व नातू ह्या दोघांस पडद्यापुढें बसवून रंग त्यांच्याकडून निवडून घेतले. निळा आणि पिवळा हे दोन त्यांस स्पष्ट निराळे दिसतात. त्याप्रमाणें घेतलेली खोली निळ्या पट्टीवर पांढरी आणि मोकळी पिवळ्या अक्षरांत. पण त्याहून महत्त्वाचा बदल निराळाच आहे. प्रत्येक तारखेपुढें आतां ‘भरली’ किंवा ‘रिकामी’ असा शब्द येतो. रंग सगळे काढून टाकले तरी नोंद वाचतां येते. ह्या धंद्यांतील जुनीं साधनें ह्या बाबतींत शहाणीं आहेत. दोन मसुद्यांतील फरक दाखविणारा प्रोग्रॅम काढलेली ओळ तांबडी व घातलेली हिरवी दाखवितो खरा, पण तिच्या आरंभीं उणे किंवा अधिक ही खूणहि असते. रंग मागाहून आले, खुणा आधींच्या आहेत. जाळ्यावरील पानें सर्वांस वाचतां यावीं म्हणून जीं मार्गदर्शक तत्त्वें २००८ सालीं नव्यानें मांडलीं गेलीं, त्यांत रंग हा अर्थ कळण्याचा एकमेव मार्ग असूं नये असें स्पष्ट आहे.

कार्ल्याचें नांव आलेंच आहे म्हणून येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. तेथील चैत्यगृहांत ब्राह्मी अक्षरांचे लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह पूर्ण केल्याचा लेख दर्शनी भागीं आहे, आणि आंत खांबाखांबावर ज्यानें तो दिला त्याचें नांव, त्यांत धेनुकाकटाचे यवनहि आहेत. कोणाचें दान कोणतें, हें सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि कळतें. कारण तें अक्षरांनीं आणि जागेनें सांगितलेलें आहे. खांबावरचें नांव त्या खांबाच्या दात्याचें. मुलांना लेण्यांत नेलें तर स्तूपाइतकेंच हें खांबांवरचें वाचन दाखवावें.

आतां राहिलेल्या दोन किरकोळ बाबी. पडद्यावरचा मजकूर जेव्हां छापावयास किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवावयाचा असतो, तेव्हां त्या अदृश्य रंगाज्ञा दृश्य होतात आणि कागदभर कंस, अंक व ‘एम्’ विखुरलेले दिसतात. म्हणून सुजाण प्रोग्रॅम आधीं पाहतो कीं समोर खरोखर टर्मिनल आहे कीं फाईल, आणि फाईल असेल तर रंग गाळतो. ज्यांस रंग मुळींच नकोत त्यांच्यासाठीं २०१७ पासून ‘नो कलर’ नांवाचा संकेत रूढ होत आहे. ही एक खूण आपल्या यंत्रांत ठेवली कीं तो मानणारे सर्व प्रोग्रॅम रंगाविना लिहितात. भगिनींच्या दिरांचे डोळे संध्याकाळीं दुखत असतील तर त्यांस हें सांगून पाहण्यास हरकत नाहीं.

दुसरी बाब देवनागरीची. आपली लिपि टर्मिनलांत आणण्याचें मोठें काम जिस्ट ह्या तंत्रानें झालें. त्याचा आरंभ कानपूरच्या आयआयटींत झाला व पुढें तें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ‘इस्की’ हा अक्षरसंकेत प्रमाण म्हणून स्वीकारला, त्यांतहि लिपि बदलण्यासाठीं आणि अक्षर ठळक, तिरपें वगैरे करण्यासाठीं मजकुरांतच घालावयाची एक स्वतंत्र खूण राखून ठेवलेली होती. युक्ति तीच, फितीची. आतां सर्वत्र युनिकोड आहे. परंतु पोथीच्या लेखकास जें सहज साधे, कीं काळ्या अक्षरावरचा अनुस्वार तेवढा तांबडा करावा, तें टर्मिनलांत साधत नाहीं. रंगाची आज्ञा अक्षर आणि त्याच्या मात्रेमध्यें घातली कीं बहुतेक ठिकाणीं जोडच तुटतो, आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी बसते. कार्ल्याच्या प्रोग्रॅमांत प्रथम ‘भरली’ ह्या शब्दाचें पहिलें अक्षर तेवढें निळ्या पट्टीवर घेतलें होतें, तेथें बिघडण्यासारखें कांहीं नव्हतें. ‘रिकामी’ च्या आरंभींची वेलांटी मात्र भलतीकडे जाऊन बसली. आतां पट्टी पूर्ण शब्दावर असते.